सगळं छान म्हणायची सवय

मागच्या महिन्यात मला एका बाईंचा फोन आला. नाव सांगत नाही, त्यांनीही मला स्वतःचं नाव तिसऱ्या फोनला सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ इथल्याच एका सेक्युअर हॉस्पिटलमध्ये आहे. मी "तिकडे" राहून आले आहे हे त्यांना कुणीतरी, अर्थातच हळू आवाजात, सांगितलं होतं.

"तुम्ही अगदी नॉर्मल बोलता हो," त्या म्हणाल्या.

"थँक यू, तुम्हीही," मी म्हटलं.

त्या हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. फोनवर मला त्यांना धड काही सांगता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

सांगायला सगळ्यात अवघड ते आधी सांगून टाकते. साडेतीन वर्षांपूर्वी इथे इंग्लंडमध्ये, रीडिंगमधल्या आमच्या घरी, स्वयंपाकघरात, मी माझ्या नवऱ्याच्या हातावर सुरी चालवली. मंदारला अकरा टाके पडले. आमची मुलगी इरा तेव्हा बारा वर्षांची होती आणि जिन्यात उभी होती. 999ला, म्हणजे पोलिसांना, फोन तिने केला.

त्याआधीचे दीड महिने

मी एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे, माझ्या स्वभावाला अगदी साजेसं काम. त्या हिवाळ्यात माझी झोप उडाली. आधी दोन तास, मग एक, मग काहीच नाही. नळाच्या पाण्यात कुणीतरी काहीतरी मिसळतंय अशी माझी खात्री पटली. पुढे नळातून बोलणंही ऐकू यायला लागलं. आणि शेवटी शेवटी मला कळून चुकलं की मंदारचे कपडे घालून घरात वावरणारा माणूस मंदार नाहीच.

"कळून चुकलं" असंच लिहिते, कारण तेव्हा मला ते तितकंच स्पष्ट कळलेलं होतं जितकं आत्ता माझं नाव मेघना आहे हे कळतंय. लोक विचारतात, तुला जराही शंका आली नाही का? नाही आली. आली असती तर त्याला आजार कशाला म्हटलं असतं?

मंदारला दिसत होतं. त्याने मला दोनदा डॉक्टरकडे नेलं आणि दोन्ही वेळा आम्ही दोघांनी मिळून "वर्कलोड जरा जास्त आहे" असं सांगितलं. गोळ्या घेऊन घरी आलो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या दिवशी मी भेंडी चिरत होते. तो मला वर नेऊन झोपवायला आला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढचं मी वर लिहिलंय. त्याहून जास्त लिहायची माझी हिंमत नाही.

पोलीस आले तेव्हा मी अनवाणी होते. त्यांच्यातली एक तरुण मुलगी परत आत गेली आणि माझ्या सपाता घेऊन आली. माझ्या पायाशी वाकून तिने त्या ठेवल्या. मला त्या दिवसातलं फारसं काही आठवत नाही, पण ते वाकणं आठवतं.

बघायला आले होते

काही आठवडे कोठडीत आणि तुरुंगात गेले. मग कोर्टाने मला तुरुंगाऐवजी हॉस्पिटलचा आदेश दिला. आजारपणात ज्यांच्या हातून गुन्हा घडला अशा माणसांचं हे हॉस्पिटल. दोन दारं, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. जेवण झालं की काटे-सुऱ्या मोजायच्या, एक कमी भरली तर अख्ख्या वॉर्डाने बसून राहायचं. दर पंधरा मिनिटांनी दाराच्या काचेतून कुणीतरी डोकावणार. मला वाटायचं, अगं बाई, एवढं लक्ष माझ्या सासूने सुद्धा ठेवलं नव्हतं.

निदानाचा असा एक दिवस नव्हता, पण ते ज्या दिवशी मला तोंडावर सांगितलं तो आठवतो. एका लांबट खोलीत आठवड्याची मीटिंग असते, तिला वॉर्ड राउंड म्हणतात. डॉक्टर, नर्स, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, सगळे अर्धगोल बसलेले, आणि समोरच्या एकुलत्या एका खुर्चीवर मी. मंदार बाजूला, इस्त्रीचा शर्ट घालून. डॉक्टरीणबाई उंच, स्कॉटिश, आवाज मऊ. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं आणि विचारलं, कुटुंबात याआधी कुणाला असा त्रास होता का?

मी पदर नसताना पदर सावरावा तशी सरळ बसले आणि म्हणाले, "नाही. आमच्याकडे कुणालाच नाही."

मंदार म्हणाला, "नो, नथिंग. व्हेरी गुड फॅमिली."

हसू नका. तुम्हीही हेच केलं असतं. आपल्याला चार अनोळखी माणसांसमोर खुर्चीत बसवून घरच्यांबद्दल प्रश्न विचारले की आपण एकच गोष्ट करतो, मुलाकडचे बघायला आल्यासारखी उत्तरं देतो. मुलगी घरकामात हुशार, स्वभाव शांत, पत्रिकेत दोष नाही. मी जवळजवळ वर्षभर त्या टीमसमोर कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातल्या मुलीसारखी बसले. झोप लागते का? छान लागते. आवाज येतात का? अजिबात नाही. त्या लोकांना मला नापास करायचं नव्हतं, माझं काय दुखतंय ते हवं होतं. ते कळायला मला फार वेळ लागला.

पाठदुखी

पुण्याला माझ्या आई-बाबांना मंदारने सांगितलं होतं की मेघनाच्या पाठीची चकती सरकली आहे आणि तिला रिहॅबमध्ये ठेवलंय. मग काय, वॉर्डाच्या फोनवरून मी दर रविवारी आईशी पाठीबद्दल बोलायचे. कुठे दुखतं, कसं दुखतं, वाकता येतं का. एका मावशीने येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर महानारायण तेलाची बाटली पाठवली. काचेची बाटली वॉर्डात चालत नाही, म्हणून ती रिसेप्शनवरच्या माझ्या लॉकरमध्ये पडून राहिली.

तेव्हा माझं मन हळूहळू जागेवर येत होतं, आणि बरं होणं हे आजारी असण्यापेक्षा वाईट होतं. इंजेक्शनने अंग जड व्हायचं, वजन चौदा किलो वाढलं, तोंडातून लाळ गळायची, ते सगळं परवडलं. पण नळ गप्प झाला आणि त्या शांततेत मला पहिल्यांदा समजलं की तो माणूस मंदारच होता. मी माझ्याच नवऱ्याला कापलं होतं, माझ्या लेकीसमोर. तीन दिवस मी पांघरुणातून तोंड बाहेर काढलं नाही.

माझी नर्स ग्रेस, घानाची, पन्नाशीची, पायाने जरा लंगडणारी. ती खुर्ची ओढून दाराशी बसायची आणि स्वतःचं विणकाम करायची. विणकामाच्या सुया वॉर्डात आणता येत नाहीत, म्हणून बोटांनीच विणायची. काही बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आता ज्याच्यासाठी रडते आहेस ते खरं आहे. हे चांगलं लक्षण आहे." मला तिचा इतका राग आला की मी उठून बसले.

थँक यू, मम्मा

इरा पहिल्यांदा भेटायला आली ती आठ महिन्यांनी. मुलांच्या भेटीसाठी वॉर्डाबाहेर वेगळी खोली असते, भिंतीवर जिराफ वगैरे काढलेले. तेरा वर्षांच्या मुलीला जिराफ.

ती सोफ्याच्या टोकाला बसली. "हाय मम्मा. कशी आहेस? मी तुझ्यासाठी कार्ड आणली."

"थँक यू, बाळा. शाळा कशी आहे?"

"शाळा छान आहे. थँक यू."

मी बिस्किट दिलं, थँक यू. ज्यूस दिला, थँक यू. माझी इरा, जी दोन वर्षांची असल्यापासून प्रत्येक गोष्टीला "का?" विचारून माझं डोकं खायची, ती माझ्याशी हेडटीचरच्या ऑफिसात बसल्यासारखी बोलत होती. तिचे डोळे सारखे माझ्या हातांकडे जात होते. मी हात मांडीखाली घालून बसले.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. घर, नोकरी, लोक काय म्हणतील, सगळं गेलं खड्ड्यात. माझ्या मुलीने मला घाबरू नये एवढंच हवं होतं.

नळावरचं फडकं

वर्षभराने मला सुट्टी मिळायला लागली. आधी स्टाफबरोबर हॉस्पिटलच्या बागेत, मग दुकानापर्यंत, आणि मग एका शनिवारी मंदारबरोबर घरी, दहा ते चार.

मंदारने सोफ्याची कव्हरं बदलली होती. वरण-भात, बटाट्याची भाजी, सगळं त्याने केलेलं. भाजी चिरून मिळते ती आणलेली, हे मला पाकिटावरून कळलं, पण मी काही बोलले नाही. जेवताना छान चाललं होतं. मग मी पाणी आणायला उठले आणि नळ सोडला, आणि त्या पाण्यात कुणीतरी माझं नाव घेतलं. हळूच, जुन्या ओळखीच्या माणसाने घ्यावं तसं.

मी नळ बंद केला. ओट्यावरचं फडकं घेतलं आणि नळाला गुंडाळलं, घट्ट. वळले तर दारात मंदार आणि त्याच्या मागे इरा.

मंदारने फडकं सोडवलं, वाळत टाकलं आणि म्हणाला, "चला, आइस्क्रीम खाऊ या."

चार वाजता वॉर्डात परत आलो. सुट्टी कशी गेली याचा फॉर्म भरून घेतात. "लव्हली डे," मंदार म्हणाला. "सगळं छान," मी म्हणाले. मुलाकडचे बघून गेले, पसंती येणार.

सोमवारी इराने शाळेतून आमच्या सोशल वर्करला फोन केला. मम्माने टॅपला कापड बांधलं आणि डॅडने तुम्हाला सांगितलं नाही, एवढंच म्हणाली. बुधवारी माझी सुट्टी बंद झाली.

आता जे लिहिते ते मी आजारात केलेलं नाही. पूर्ण शुद्धीत केलं आहे. मी इराला फोन लावला आणि म्हणाले, "तुला काय नडलं होतं सांगायला? घरचं घरात ठेवता येत नाही तुला?"

"सॉरी, मम्मा," ती म्हणाली.

त्यानंतर ती दोन महिने आली नाही.

मालू आत्या

मी ग्रेसपाशी इराची तक्रार केली. पोटची पोर अशी निघाली, वगैरे. ग्रेसने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू आजारी आहेस असं तुझ्या घरात कोण मानतं?"

मी विचार केला. आई-बाबांच्या लेखी माझी पाठ दुखत होती. मंदारच्या लेखी ते सगळं होऊन गेलेलं होतं. आणि मी खुर्चीत बसून छान-छान करत होते.

"इरा," मी म्हणाले.

"मग तू बरी होशील असं मानणारीही ती एकटीच आहे," ग्रेस म्हणाली आणि औषधांच्या ट्रॉलीकडे निघून गेली.

त्या रविवारी आईने नेहमीप्रमाणे विचारलं, "पाठ कशी आहे गं?"

"आई, माझी पाठ ठणठणीत आहे," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. नळ, सुरी, कोर्ट, वॉर्ड. मला वाटलं आई फोन ठेवेल.

आई म्हणाली, "तुझ्या मालू आत्याचं असंच होतं."

मालू आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न झालेलं नव्हतं, वरच्या खोलीत असायची, आम्हा मुलांना वर जायची परवानगी नव्हती. आम्हाला सांगत, तिचा स्वभाव जरा विचित्र आहे. आमच्याकडे सगळे आजार स्वभावातच जमा होतात.

"तिला माणसं दिसायची," आई म्हणाली. "डॉक्टरांचं औषध होतं, पण लोकांना कळेल म्हणून आणायलाच कुणी जायचं नाही."

"आणि मला का नाही सांगितलं कधी?"

"तेव्हा तुमची लग्नं व्हायची होती."

"लग्न होऊन सतरा वर्षं झाली, आई."

"मग तुला मुलगी झाली ना," आई म्हणाली. "तिचंही व्हायचंय की."

मला हसू आलं आणि मग ते थांबेना. आईलाही आलं. नंतर ती रडली आणि म्हणाली, "तुझ्याजवळ यायला मला व्हिसा किती दिवसांत मिळेल?" या बाईने वर्षभर माझ्या पाठीसाठी जप केला होता. खरं सांगितलं असतं तर पहिल्याच महिन्यात तिने बॅग भरली असती.

पुढच्या वॉर्ड राउंडला मी खुर्चीत बसले आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, "माझ्या आत्याला हाच आजार होता. मला नळातून आवाज आला. अजूनही आठवड्यातून एकदा-दोनदा येतो. आणि मला भीती वाटते." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "थँक यू, मेघना," त्या म्हणाल्या. "आता आपण सुरुवात करू." मंदार माझ्या शेजारी होता. टाके पडलेल्या त्याच हाताने त्याने माझा हात धरला, आणि मीटिंग संपेपर्यंत सोडला नाही.

औषध बदललं. दोन महिन्यांत नळ परत गप्प झाला, आणि तो तसाच राहिला आहे. उद्याची हमी मी देत नाही, आजचं सांगते.

दोन फोन

इरा फॅमिली मीटिंगला आली, सोशल वर्करच्या शेजारी बसली. कोटही काढला नाही.

मी म्हणाले, "इरा, तू दोन फोन केलेस. पहिला पोलिसांना आणि दुसरा यांना. दोन्ही बरोबर केलेस. पहिल्या फोनने डॅड वाचला आणि दुसऱ्याने मी."

ती माझ्याकडे बघत राहिली. "हे तुला डॉक्टरने बोलायला सांगितलं का?"

"नाही. डॉक्टरांनी फक्त सॉरी म्हणायला सुचवलं होतं. ते राहिलंच. सॉरी, बाळा. मी तुला तेव्हा ओरडले, ते फार चुकलं माझं."

इराने बाही ओढून नाक पुसलं. मग म्हणाली, "मला वाटायचं की मी तुला जेलमध्ये पाठवलं." दीड वर्ष माझी पोर हे पोटात घेऊन शाळेत जात होती, आणि आम्ही सगळे तिला विचारत होतो, शाळा छान आहे ना?

घरी

हॉस्पिटलमध्ये आल्यापासून अडीच वर्षांनी ट्रायब्युनलने, म्हणजे सुटकेचा निर्णय देणाऱ्या मंडळाने, मला अटींवर सोडलं. आधी सहा महिने लंडनच्या हाउन्सलोत एका हॉस्टेलसारख्या घरात, डोक्यावरून विमानं, खाली चोवीस तास स्टाफ. मग रीडिंग. अटी अशा की इंजेक्शन चुकवायचं नाही, नर्स घरी येईल तेव्हा दार उघडायचं, कुठे राहते ते कळवत राहायचं. लोकांना हे बंधन वाटतं. मला रोज सकाळी कुणीतरी कठडा धरायला दिल्यासारखं वाटतं.

फ्रिजवर आमचा एक कागद आहे. मी बिघडायला लागले तर आधी काय दिसतं, ते तिघांनी मिळून लिहिलंय. मंदारने लिहिलं, झोप कमी होते. मी लिहिलं, पाणी प्यायचं टाळते. इराने लिहिलं, मम्मा खोचक बोलणं बंद करते. पाहुणे आले तरी तो कागद आम्ही काढत नाही. आई तीन महिने राहून गेली तेव्हा तिने एकदा तो काढून ड्रॉवरमध्ये ठेवला होता, मंदारच्या ऑफिसमधले लोक जेवायला यायचे होते म्हणून. मंदारने मुकाट्याने परत लावला. त्याच हाताने त्याने कधीतरी नळावरचं फडकं सोडवलं होतं, हे मी विसरलेले नाही. माणूस शिकतो.

पण इरा अजून थँक यूच म्हणत होती. जेवण छान होतं, थँक यू मम्मा. मी येऊ का आत? मी टीव्ही लावू का? चौदा-पंधरा वर्षांची मुलं आयांना काय काय बोलतात ते मैत्रिणी मला सांगायच्या, आणि मी गप्प बसायचे. माझी मुलगी माझ्याशी चार महिन्यांत एकदाही भांडली नव्हती. दार आपटलं नव्हतं. मी ओरडले तरी ती लगेच आवाज खाली आणायची आणि एक पाऊल मागे व्हायची. ते एक पाऊल मला दर वेळी मोजता यायचं.

सायकॉलॉजिस्ट म्हणायची, वेळ द्या. देत होते. दुसरं काय होतं माझ्याकडे द्यायला?

गेल्या रविवारची गोष्ट. दुपारचे तीन वाजले होते, मंदार मागे बागेत होता. इराला मैत्रिणीकडे स्लीपओव्हरला जायचं होतं आणि सोमवारी तिची मॉक परीक्षा.

"नाही," मी म्हणाले.

"सगळ्या जणी जातायत."

"सगळ्या जणी नापास होऊ देत. तू घरी थांबशील."

"यू आर सो अनफेअर," ती म्हणाली, आणि आवाज खाली आला नाही, वर गेला. "तू प्रत्येक गोष्टला नाही बोलते. तू नव्हती तेव्हा हे घर किती शांत होतं, माहितेय तुला?"

ती बोलून गेली. मी बघत होते. ती एक पाऊल मागे झाली नाही. कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर, अगदी हातभर अंतरावर, नाकपुड्या फुगवून उभी होती. मग तिने माझ्याकडे पाठ फिरवली आणि दणादणा पाय आपटत जिना चढून गेली. एकदाही वळून पाहिलं नाही. वरती दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

मंदार धावत आत आला, हाताला माती, चेहरा पांढराफटक. मी जिन्याच्या पायथ्याशी उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"काय झालं? नर्सला फोन लावू का?"

"नको रे," मी म्हटलं. "ती मला घाबरली नाही."